तू न मानलेले नारिंगी स्फटिक

गिरिजा, तुझं भाकीत मी एकदा चिमट्याने उचलून कचऱ्याच्या बशीत टाकलं होतं. ही गोष्ट तुला नवीन नाही. तिच्यावरून आपण निम्मं आयुष्य भांडलो. पण तू गेल्यापासून तुझ्याबद्दल जे काही कानावर येतंय, त्यात हे कुठेच नाही. किती शांत बाई होती म्हणतात. यांच्यापैकी एकानेही तुझ्याशी वाद घातलेला दिसत नाही. म्हणून म्हटलं, बाकीचं सगळं राहू दे, आधी माझ्या मूर्खपणाची गोष्ट लिहावी. या वयात स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटेनाशी होते, तेवढाच म्हातारपणाचा फायदा.

मी तेव्हा निपाणीहून बेंगळूरला नवीनच आले होते. संस्थेच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून अशी चालायचे की जणू रसायनशास्त्र माझ्या येण्याची वाट बघत थांबलं होतं. तू धारवाडची, माझ्याहून दोन वर्षं आधी आलेली, आणि तुझ्या टेबलावर एक बाटली नाही, एक चंबू नाही. नुसते कागद. तू अजून कुणी बनवलेलाच नाही असा रेणू गणितात उभा करायचीस. तो प्रकाश देईल का, वीज नेईल का, कुठल्या रंगाचा दिसेल, हे आधी सांगायचीस. मग आम्ही तो काचेत करून बघायचा. मला हा प्रकार ज्योतिषासारखा वाटायचा आणि मी ते तुझ्या तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. तू शांतपणे विचारलंस, "ज्योतिषी चुकला तर तो कबूल करतो का? मी करते." शांत म्हणतात ते बहुतेक हेच.

तर तो आपला पहिला रेणू. लांबट, चपटा, दोन्ही टोकांना शेपट्या. तू कँटीनमध्ये दोन ताटल्या हातात घेऊन मला समजावलं होतंस. एकटा रेणू कसा आहे त्यावर सगळं ठरत नाही, ते एकमेकांशेजारी कसे बसतात त्यावर रंग ठरतो. ताटल्या तिरप्या, एकमेकींना टेकलेल्या धरल्यास आणि म्हणालीस, असे बसले तर पिवळा. मग त्या एकावर एक सपाट ठेवल्यास आणि म्हणालीस, असे बसले तर नारिंगीकडे झुकेल. हा रेणू दोन्ही प्रकारे बसू शकतो असं माझं गणित सांगतंय. कँटीनवाल्या अण्णांनी ताटल्या परत मागितल्या तेव्हा तू त्यांनाही "स्वल्प थांबा" म्हणून तिसरा प्रकार दाखवायला लागलीस.

मी रेणू बनवला. बनवायला मला पावसाळाभर लागला. स्फटिक आले ते सुईसारखे, पिवळे, सुंदर. आणि त्यांच्यात चार-दोन चपटे, नारिंगी. आमच्या सरांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, शुद्धता. वेगळं दिसतं ते घाण. मी भिंग लावून, चिमट्याने एकेक नारिंगी कण वेचला आणि बशीत टाकला. पोहे निवडावेत तसा. मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की रेणू एकाच प्रकारे बसतो, पिवळा, आणि गिरिजाबाईंचे नारिंगी स्फटिक त्यांच्या गणितातच राहू देत. लोक हसले. मी मान तिरकी करून ते हसू घेतलं. आज त्या मुलीला समोर बसवून दोन गोष्टी सुनावाव्यात असं वाटतं, पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

नंतर कॉफी पिताना तू सहज विचारलंस, एकही वेगळा निघाला नाही? मी म्हटलं, निघाले की चार-दोन नारिंगी, घाण होती, टाकले. तुझ्या हातातला पेला तसाच राहिला. तू रागावली नाहीस. तू एवढंच विचारलंस की कचरा अजून आहे का. तो गेला होता.

आणि मग मी पलटले. माझ्या या पलटण्यावर माझी नात आजही हसते. जी मी सगळ्यांसमोर तुझी टिंगल केली, तीच मी दुसऱ्या दिवसापासून तुझी वकील झाले. ते नारिंगी तुझेच होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, असं भेटेल त्याला सांगत सुटले. पुन्हा रेणू बनवला, पुन्हा पुन्हा स्फटिक काढले. नुसते पिवळे. नारिंगी परत कधी आलाच नाही. आणि तू काय केलंस? तुझ्या लेखातून दुसऱ्या प्रकाराचा उल्लेखच काढून टाकलास. मी भांडायला आले तर म्हणालीस, "कमल, तू ते तपासलेस का?" नाही, म्हटलं. "मग ते माझे नाहीत."

मला ते लागलं. तुला कधी कळलं का, ते किती लागलं? मी चूक केली होती हे खरं, पण मी पाहिलं होतं हेही खरं होतं. तुझं गणित बरोबर असल्याची एकुलती एक साक्षीदार मी, आणि तू साक्षीदारालाच दारात उभं केलं नाहीस. माझ्या डोळ्यांवर तुझा विश्वास आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. तो मी एवढ्या वर्षांत वेगवेगळे कपडे चढवून तुझ्यापुढे आणला आणि दर वेळी तू म्हणालीस, पुरावा आण.

पुढे मी संस्था सोडून बेंगळूरच्याच पीण्या भागात त्या रंगाच्या कारखान्यात गेले. तुला वाटलं असेल आता पिच्छा सुटला. पण आमच्या एका लाल रंगाची छटा उन्हात जायला लागली तेव्हा मी तुलाच बोलावलं. तू बसने आलीस, साडीला शाईचा डाग, खांद्यावर कागदांची पिशवी. मशीनवरची माणसं तुला अक्का म्हणायला लागली, कारण तू आल्या आल्या त्यांना विचारलंस की रंग कुठल्या बाजूने आधी उडतो. मी पाच नवे रेणू ठरवले होते, पाचही करून बघायचे म्हणून. तू आठवडाभराने फोन केलास आणि म्हणालीस, यातले तीन करूच नकोस. बाकीच्या दोनांबद्दल मला सांगता येत नाही. मी वैतागले. म्हटलं, एवढं गणित करून तू मला काय दिलंस, तर तीन नकार? तू म्हणालीस, "तुझी तीन महिन्यांची मेहनत दिली. बेड असेल तर परत कर." नको असेल तर परत कर म्हणे. त्या दोनांतला एक चालला. तो रंग पुढे कितीतरी वर्षं विकला गेला, आणि तुझं नाव कुठेच नव्हतं. तुला त्याचं काही वाटलं नाही. तुला फक्त दुसरा का चालला नाही हे हवं होतं. त्यासाठी मला तू दोन वर्षं फोन केलेस.

तुझं हे कुतूहल फार चमत्कारिक होतं. आम्हाला वस्तू मिळाली की संपलं. तुला वस्तू मिळाल्यावर सुरुवात व्हायची. नातवंडांच्या हातात तसले फोन आले, ज्यांचा पडदा कार्बनच्या रेणूंनीच उजळतो, तेव्हा तू माझ्या घरी येऊन नातीच्या हातातून फोन घेतलास, कोपरा डोळ्यांशी धरलास आणि तिला म्हणालीस, यातले रेणू आमच्या रेणूचे लांबचे चुलतभाऊ आहेत. ती म्हणाली, मग तुम्ही श्रीमंत का नाही झालात आजी. तू खूप हसलीस. मी नाही हसले. मला तेव्हाही तो नारिंगीच आठवला.

एकदा मी तुला फार टोचून बोलले होते. तू सुरुवातीला रेणू निर्वात पोकळीत एकटाच ठेवून गणित करायचीस, आणि मी म्हटलं, तू एकटी राहतेस म्हणून तुझे रेणूही एकटे. तोंडातून गेल्यावर चटका बसल्यासारखी मी जीभ आत ओढली. तू पटकन म्हणालीस, आणि तुझ्या घरात नऊ माणसं, म्हणून तुला कुठलाच रेणू नीट दिसत नाही. मग आपण मल्लेश्वरमच्या त्या हॉटेलात दोसा खाल्ला. ते तुला खरंच लागलं होतं का, हे विचारायचं राहिलं. असं बरंच राहिलं.

शेवटचं भेटलो तेव्हा तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणजे तुला विषयच मिळाला होता. कुठल्या औषधाचा रेणू कुठे जाऊन चिकटतो हे तू मला सांगत होतीस. निघताना मी तुझा हात धरून म्हटलं, गिरिजा, आता तरी कबूल कर, ते नारिंगी तुझेच होते. मला वाटलं, आता तरी म्हणशील, हो बाई, होते. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, पुरावा. नुसतं तेवढंच. माणसं जाताना पांडुरंग म्हणतात, तू पुरावा म्हणालीस. मी रिक्षात बसून रडले की हसले ते मला आठवत नाही. रिक्षावाल्याने विचारलं, अम्मा, सरी ना? मी म्हटलं, सरी, सरी, ठीक आहे.

तू गेल्यावर काही दिवसांनी मी तुझ्या ऋचाला फोन केला. तुझी शेवटची विद्यार्थिनी, नागपूरची, आता व्हाइटफील्डला एका कंपनीत रेणू रचायचं काम करते. सर्जापूर रोडवरून व्हाइटफील्डला जायचं म्हणजे आमच्या सुनेने आधी मला वेड्यात काढलं. पण मी गेले. त्यांच्या उपाहारगृहात, कागदी रुमालावर मी आपला रेणू काढला. दोन्ही शेपट्या बरोबर जागी आल्या. म्हटलं, आजच्या पद्धतीने बघ, हा किती प्रकारे बसतो. तुम्हाला काय सिद्ध करायचंय आजी, असं तिने विचारलं. गिरिजा बरोबर होती हे, मी म्हटलं. ती म्हणाली, असं आधी ठरवून नाही बसता येत. मी मनात म्हटलं, हिच्यात तू पुरती उतरली आहेस.

रविवारी ती घरी आली, लॅपटॉप घेऊन. आता ते यंत्र हजारो प्रकारे रेणू रचून बघतं म्हणे, आणि कुठली रचना टिकेल ते सांगतं. पिवळा सगळ्यांत वर होता. आणि तुझा तो ताटल्यांवर ताटल्या ठेवलेला प्रकार, ऋचाने बोट खाली खाली नेलं, तो कुठेतरी फार खाली. टिकणाराच नाही. ती हळू आवाजात म्हणाली, मॅडमच्या काळात एवढं बारीक मोजता येत नव्हतं, पण हा प्रकार होणार नाही, आजी.

 गिरिजा, तुझं भाकीत चुकलं होतं. मी निम्मं आयुष्य ज्याची वकिली केली ते चूक होतं, आणि तू, जिचं ते होतं, तू ते कधीच पकडून ठेवलं नव्हतंस. मला आधी तुझा राग आला. मग भीती वाटली. तो नारिंगी तुझा नव्हता, घाण नव्हता, तर होता तरी काय? की मी पाहिलंच नव्हतं?

ऋचाने चहाचा कप खाली ठेवला आणि असं काही विचारलं जे आपल्या दोघींपैकी कुणीही कधी विचारलं नव्हतं. स्फटिक कशातून काढले होते? बेंझिनमधून, मी म्हटलं. त्या काळी आम्ही बेंझिनने हातसुद्धा धुवायचो, अक्कल एवढीच. आणि नंतर, परत केले तेव्हा? तेव्हा बेंझिन बंद झालं होतं, विषारी म्हणून सरांनी कपाटात टाकून कुलूप लावलं होतं. रेणू विरघळवायला दुसरा द्रावक वापरला.  तिने पुढचा प्रश्न विचारला. टाकून दिलेल्या नारिंगी कणांचं पुढे काय झालं?

हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी खिडकीत तशीच होती, आणि तिच्यात नारिंगी काहीच नव्हतं. फिकट पिवळी भुकटी होती. मला वाटलं, संध्याकाळच्या दिव्यात मला रंग चुकीचा दिसला असेल. आणि तू विचारायला लागलीस तेव्हा हा तुकडा मी गोष्टीतून गाळून टाकला. एक तर मी पुरावा फेकलेला, त्यात वर सांगायचं की सकाळी तो पिवळा झाला? माझ्यासारख्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून साक्ष नीटनेटकी केली. आणि जे गाळलं, नेमकं तेच उत्तर होतं.

तुला एव्हाना कळलंच असेल. तुला तर मी वाक्य पुरं करायच्या आत कळलं असतं. स्फटिकात बेंझिन अडकलेलं होतं. पाहुणा रेणू आपल्या रेणूंच्या मधे बसला, त्यांना वेगळं बसवलं, म्हणून रंग बदलला. रात्रीत बेंझिन उडून गेलं, घर कोसळलं, पिवळी भुकटी उरली. मी पुढे पीण्याला असे द्रावक धरून बसलेले स्फटिक किती पाहिले असतील. पोरांना त्यावरून ओरडलेही असेन. पण या एका गोष्टीला ते ज्ञान लावायचं मला सुचलंच नाही. मला ही गोष्ट रसायनशास्त्राची वाटतच नव्हती. आपल्या भांडणाची वाटत होती. तुझे की घाण, दोनच बाजू. तिसरं काही असेल हे दोघींना सुचू नये? मला नाही सुचलं हे समजतं. तुला का नाही? की तुला वाटायचं, पण माझ्या तोंडून यायची वाट बघत होतीस? याचं उत्तर आता मिळणार नाही, आणि मला ते फार हवं आहे.

चार दिवसांनी ऋचाचा फोन आला. बेंझिन घालून तिने गणित केलं होतं. छान बसतं, म्हणाली. चपटे स्फटिक, रंग नारिंगीकडे. बेंझिन काढलं की टिकत नाही. पण हे अजून गणितच आहे हं आजी, तिने बजावलं. बेंझिन आता सहज वापरू देत नाहीत, तरी तिच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत एक बंद कपाट आहे, परवानगी मिळाली तर करून बघू. तुम्ही यायचंत, चिमटा मात्र हातात देणार नाही. हे मी तिला कधी सांगितलं होतं? मी विचारलं, तुला चिमट्याचं कसं ठाऊक?

 ती म्हणाली, मॅडम दर वर्षी नव्या मुलांना ही गोष्ट सांगायच्या. माझं नाव घेऊन? मी विचारलं. नाही, वर्गात नाव कधीच नाही घेतलं. माझी एक मैत्रीण, एवढंच. पण शेवटच्या वर्षी तिने एकटीने हट्ट धरून विचारलं होतं, मॅडम, तुमच्या मैत्रिणीने नारिंगी खरंच पाहिला असेल का, की नंतर अपराधी वाटून तिने तो मनाने रंगवला?

मी फोन कानाला घट्ट धरला.  तिने तुझ्या त्या सावकाश धारवाडी लयीत, तुझी नक्कल करत, तुझं उत्तर जसंच्या तसं सांगितलं:

"कमलने पाहिला म्हणजे तो होताच, तिच्या डोळ्यांबद्दल मला कधी शंका नव्हती. तो काय होता ते मला माहीत नाही, म्हणून मी माझा म्हणत नाही. पण हे तिला सांगू नकोस हं, उद्यापासून मला शिकवायला लागेल."